परदेशात फोन वापरताना: नंबर कसा लावायचा, पैसे कुठे कापले जातात, कॉल का लागत नाही

परदेशात फोन दगा देतो तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. एकतर नंबर फक्त एकाच देशात चालेल अशा रूपात सेव्ह केलेला असतो. नाहीतर कॉल प्रत्यक्षात कुठून कुठे फिरून येतो हे माहीत नसल्यामुळे कुठल्या टप्प्याचे पैसे आपल्या माथी येणार याचा अंदाज चुकतो. या दोन गोष्टी नीट कळल्या की बाकीच्या अडचणी सुटायला वेळ लागत नाही.

नंबर आधी नीट सेव्ह करा

निघण्यापूर्वी एक काम अवश्य करा. लागतील असे सगळे नंबर आंतरराष्ट्रीय रूपात सेव्ह करून ठेवा: आधी अधिक चिन्ह, मग देशाचा कोड, मग त्या देशातला नंबर. मधे मोकळी जागा किंवा रेघ असली तरी फोनला फरक पडत नाही. देशाचा कोड धरून नंबर १५ आकड्यांपेक्षा मोठा असू शकत नाही, त्यामुळे त्याहून लांब नंबर दिसला तर काहीतरी जास्तीचं चिकटलं आहे असं समजा. मोबाइलवर शून्य दाबून धरलं की अधिक चिन्ह येतं. ते चिन्ह पाहून नेटवर्क त्या त्या देशाचे आयएसडीचे आकडे स्वतः लावतं. असा नंबर घरी असताना लागतो, परदेशातूनही लागतो.

लँडलाइनवर अधिक चिन्ह नसतं. तिथे आयएसडीचे आकडे स्वतः दाबावे लागतात आणि ते सगळीकडे सारखे नाहीत. बऱ्याच देशांत ०० चालतं. अमेरिका आणि कॅनडात ०११, जपानमध्ये ०१०, ऑस्ट्रेलियात ००११. दक्षिण कोरियात कंपनीनुसार ००१, ००२ असे वेगवेगळे आकडे आहेत. रशियात आधी ८ दाबायचा, टोन बदलेपर्यंत थांबायचं आणि मग १० दाबायचे.

सगळ्यात जास्त कॉल वाया जातात ते सुरुवातीच्या शून्यामुळे. लंडनचा नंबर ब्रिटनमध्ये ०२० ७९४६ ०१२३ असा लिहितात. बाहेरून तो +४४ २० ७९४६ ०१२३ असा लावायचा, पहिलं शून्य गाळून. व्हिजिटिंग कार्डावर मात्र +४४ (०)२० असं छापलेलं असतं. कंसातलं शून्य फक्त देशातल्या देशात फोन करणाऱ्यासाठी आहे. वेबसाइटवरून नंबर कॉपी केला की ते शून्यही सोबत येतं आणि 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं. नंबर बरोबर असूनही कॉल लागत नसेल तर पहिल्यांदा हे शून्य शोधा.

हा नियम जगभर लागू नाही, हीच खरी मेख आहे. इटलीत लँडलाइनचं शून्य ठेवावंच लागतं. रोमचा नंबर बाहेरूनही +३९ ०६ असाच सुरू होतो. तिथले मोबाइल नंबर मात्र ३ ने सुरू होतात आणि त्यांना शून्य नसतंच. स्पेन, पोर्तुगाल, डेन्मार्क, नॉर्वे इथे गाळायला शून्यच नाही, पूर्ण नंबर आहे तसा लावायचा. हंगेरीत देशांतर्गत कॉलला ०६ लावतात. बाहेरून हे दोन्ही आकडे गाळायचे. रशियात शून्याच्या जागी ८ असतो, म्हणून ८ ने सुरू होणारा अकरा आकडी नंबर बाहेरून लावताना ८ काढून +७ लावायचा. जर्मनीत नंबरांची लांबी एकसारखी नाही. एका शहरातले दोन नंबर कमी-जास्त आकड्यांचे असू शकतात, तेव्हा 'एक आकडा राहिला' असं समजून स्वतःहून काही जोडू नका.

लॅटिन अमेरिकेत जास्त जपून. अर्जेंटिनात स्थानिक लोक मोबाइल नंबर १५ लावून सांगतात. बाहेरून लावताना तो १५ काढायचा आणि देशाच्या कोडनंतर ९ घालायचा. म्हणजे ब्वेनोस आइरेसचा मोबाइल +५४ ९ ११ आणि पुढे आठ आकडे असा होतो. मेक्सिकोत मोबाइलसाठी +५२ नंतर १ घालावा लागायचा. ऑगस्ट २०१९ पासून तो गेला, पण जुन्या यादीत तो अजून दिसतो, तेवढा पुसून टाका. ब्राझीलमध्ये एका शहरातून दुसऱ्या शहरात फोन करताना शून्यानंतर टेलिफोन कंपनीचे दोन आकडे घालून कंपनी निवडावी लागते. बाहेरून फोन करताना शून्य आणि ते दोन आकडे दोन्ही गाळा: +५५, शहराचे दोन आकडे, नंबर.

+१ म्हणजे अमेरिका असं धरून चालू नका. कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश त्याच कोडखाली येतात. जमैका ८७६, बहामा २४२, डॉमिनिकन रिपब्लिक ८०९. दिसायला हे अमेरिकेतल्या एखाद्या शहरासारखे वाटतात, पण दर आंतरराष्ट्रीय लागतो. अनोळखी +१ नंबरावरून एकच रिंग येऊन कट झाली तर परत फोन करू नका. महागड्या नंबरावर तुम्हाला फोन करायला लावणं हीच त्या फसवणुकीची रीत आहे, आणि उत्सुकतेपोटी केलेल्या कॉलचे पैसे परत मिळवणं कठीण असतं.

अमेरिकेत नंबराच्या जागी इंग्रजी शब्द छापलेला असतो. कीपॅडवर २ खाली एबीसी, ३ खाली डीईएफ असं बघत अक्षरं दाबायची. शब्द लांब असला तरी नंबर पूर्ण झाल्यावरची अक्षरं सोडून दिली तरी चालतात.

एक्स्टेन्शन असलेला नंबर सेव्ह करताना मुख्य नंबरानंतर स्वल्पविराम टाका. एका स्वल्पविरामाला फोन साधारण दोन सेकंद थांबतो आणि मग पुढचे आकडे स्वतः दाबतो. समोरचं रेकॉर्डिंग लांब असेल तर दोन-तीन स्वल्पविराम टाका.

कानाला काय ऐकू येतं

समोरचा फोन वाजतोय की एंगेज आहे, हे ओळखण्यात परदेशात हमखास घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये रिंग जोडीने येते: दोन छोटे ठोके, मग दोन सेकंद शांतता. युरोपातल्या बऱ्याच देशांत एक सेकंदाचा एकच सूर आणि त्यानंतर सुमारे चार सेकंद काहीच नाही. अमेरिकेत दोन सेकंद सूर, चार सेकंद शांतता. ज्याला जोडरिंगची सवय आहे त्याला तो एकटा लांब सूर एंगेज वाटतो, आणि मधल्या शांततेत फोन कट झाला असं वाटून तो ठेवून देतो. समोर मात्र फोन वाजत असतो. निदान दोन रिंग ऐकू येईपर्यंत, म्हणजे दहा-बारा सेकंद थांबा.

एंगेज टोनची खूण सोपी आहे: सूर आणि शांतता सारख्याच लांबीचे, साधारण अर्धा-अर्धा सेकंद. अमेरिकेत हाच टोन दुप्पट वेगाने आला तर समोरचा माणूस बोलत नसून लाइन जाम आहे, लगेच पुन्हा लावा. चढत जाणारे तीन सूर आणि मग रेकॉर्डिंग आलं तर नंबर चुकला आहे किंवा बदलला आहे. इटलीत लँडलाइन उचलल्यावरचा डायल टोनही तुटक येतो, त्यामुळे फोन बिघडला आहे असं समजू नका.

रोमिंगवर कॉल जुळायला जास्त वेळ लागतो. आधी काही सेकंद काहीच ऐकू येत नाही, तेव्हा कट करण्याची घाई करू नका.

पैसे नक्की कुठे कापले जातात

तुमचा नंबर ज्या देशाचा, त्या देशातून कॉल आधी जातो. तुम्ही रोमिंगवर असताना घरून कोणी फोन केला तर फोन करणाऱ्याला नेहमीचाच दर पडतो, कारण त्याने तुमचा देशी नंबर लावलेला असतो. तिथून पुढे तुम्ही असाल त्या देशापर्यंतचा टप्पा तुमच्या नावावर. म्हणून रोमिंगमध्ये इनकमिंगलाही पैसे पडतात. एकाच हॉटेलात शेजारच्या खोलीत उतरलेले दोघे जण घरच्या सिमवरून एकमेकांना फोन करतात तेव्हा तो कॉल मायदेशी जाऊन परत त्याच हॉटेलात येतो. बिल दोघांनाही. अशा वेळी वायफायवरचा ॲप कॉल वापरावा.

अमेरिका आणि कॅनडात मोबाइलचा नंबर लँडलाइनसारखाच दिसतो आणि इनकमिंगची मिनिटं मोबाइलवाल्याच्या प्लॅनमधून जातात. स्वस्त प्रीपेड घेताना मिनिटं मर्यादित असतील तर हे लक्षात असू द्या. बाकी बहुतेक जगात फोन करणारा पैसे भरतो आणि मोबाइलवर कॉल लँडलाइनपेक्षा महाग असतो.

सगळ्यात न दिसणारा खर्च व्हॉइसमेलचा, म्हणजे न उचललेला कॉल जिथे निरोप ठेवण्यासाठी वळतो त्या सोयीचा. रोमिंगवर फोन चालू आहे, पण तुम्ही उचलला नाही. कॉल तोवर परदेशात पोचलेला असतो. तिथून तो तुमच्या मायदेशातल्या व्हॉइसमेलकडे परत पाठवला जातो, आणि अनेक कंपन्या या जाण्या-येण्याचे दोन्ही टप्पे तुमच्याकडून वसूल करतात. तुम्ही एक शब्दही बोललेला नसता. फोन पूर्ण बंद असेल तर कॉल सहसा मायदेशातूनच वळतो आणि हा भुर्दंड पडत नाही. उपाय निघण्याआधी, घरच्या नेटवर्कवर असतानाच करा:

१. *#६१# दाबून कॉल करा. न उचललेला कॉल कुठल्या नंबरावर वळतो ते स्क्रीनवर येईल. तो नंबर कागदावर लिहून ठेवा.
२. ##००४# दाबून कॉल करा. न उचलल्यास, एंगेज असल्यास आणि रेंज नसल्यास, असे तिन्ही प्रकारचे फॉरवर्ड एकदम निघतात.
३. पुन्हा *#६१# करून फॉरवर्ड निघाल्याची खात्री करा.
४. परत आल्यावर **००४* मग लिहून ठेवलेला नंबर मग # असं करून ते पूर्ववत करा.

मेसेजमध्येही पैसे असेच नकळत जातात, आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं. इंग्रजी अक्षरांच्या साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात एकही देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि मेसेज लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७ च. शिवाय काना, मात्रा, वेलांटी हे वेगळे मोजले जातात. 'पोहोचलो' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, फोन तो सात मोजतो. म्हणून मराठीत दोन-तीन ओळी लिहिल्या की तीन एसएमएसचे पैसे जातात. इंग्रजी मेसेजमध्ये एक इमोजी टाकला तरी तीच गत. रोमिंगवर एसएमएस पाठवायचाच असेल तर छोटा लिहा.

युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून तिथलं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालतं, आणि ही सोय २०३२ पर्यंत वाढवलेली आहे. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही आणि ब्रिटनही आता नाही. फ्रान्स किंवा जर्मनीच्या सीमेलगत उभं असताना फोन पलीकडचा स्विस टॉवर पकडू शकतो. अशा ठिकाणी सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवरून काढून हाताने करा. जहाजावर तर किनारा दूर गेला की फोन जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो, त्याला ही सवलत लागू नसते. चढल्याबरोबर विमान मोड लावा.

तिथलं सिम घेण्याआधी फोन तपासा

हप्त्यांवर किंवा करारावर घेतलेला फोन एकाच कंपनीला लॉक केलेला असू शकतो. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहणं ही सर्वांत खात्रीची चाचणी, आणि ती घरीच करायची.

त्यानंतर बँड, म्हणजे नेटवर्क ज्या रेडिओ पट्ट्यांवर चालतं त्या. युरोपात ४जीचे ३, ७ आणि २० हे बँड महत्त्वाचे. २० नसेल तर शहरात ठीक चालतं, पण खेड्यात आणि जाड भिंतींच्या आत रेंज जाते. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६, ७१ बघा. फोनच्या मॉडेल नंबरावरून कंपनीच्या वेबसाइटवर ही यादी मिळते. नाव एकच असलेल्या फोनचे देशागणिक वेगळे मॉडेल असतात, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

बँड जुळूनही एक तिढा उरतो. नेट धो धो चालतं, कॉल लावला की लगेच कट. याचं कारण व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणारा कॉल. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्ये बंद केलं, ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांनी २०२४ मध्ये. फोनला त्या कंपनीच्या नेटवर्कवर व्होल्टी चालत नसेल तर कॉल उतरवायला खालचं नेटवर्कच उरत नाही. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये गेलं तरी २जी शिल्लक ठेवलं, म्हणून तिथे जुना फोनही बोलू देतो, फक्त बोलताना नेट थांबतं. ऑस्ट्रेलियात तर ज्या फोनवरून ४जीवर ००० हा आणीबाणीचा नंबर लागू शकत नाही, त्याला सेवा द्यायचीच नाही असा नियम आहे. सिम घेण्यापूर्वी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा आणि त्या कंपनीच्या वेबसाइटवर तो तपासा.

लांबच्या मुक्कामाला आयएमईआयचा आणखी एक संबंध येतो. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवस चालतो, नोंदणी आणि शुल्क भरलं नाही तर पुढे बंद पडतो. घरच्या सिमच्या रोमिंगला हा नियम लागत नाही.

दोन सिम, ओटीपी आणि डेटा

बँकेचा ओटीपी घरच्या नंबरावर येणार, आणि नेट स्थानिक सिमवर किंवा ई-सिमवर (कार्ड न घालता क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये बसवायचं सिम) हवं. ही जोडी नीट लावली तर खर्च आवाक्यात राहतो.

घरच्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या. प्रीपेड असेल तर हे तिथे पोचल्यावर करणं अनेकदा जमत नाही. ई-सिम घ्यायचं असेल तर वायफाय असताना घरीच बसवा. क्यूआर कोड त्याच फोनच्या स्क्रीनवर असेल तर तो स्कॅन कसा करणार? दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर ठेवा. एकदा बसवलेलं ई-सिम पुसू नका. बऱ्याच कंपन्यांचा कोड एकदाच चालतो.

पोचल्यावर मोबाइल डेटा नव्या सिमवर ठेवा, घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा आणि 'डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळवा' अशी सोय असेल तर तीही बंद करा. इथे बहुतेक जण अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी: प्रवासी ई-सिम बहुधा स्वतःच रोमिंगवर चालतं, त्यामुळे त्या सिमचं डेटा रोमिंग चालू ठेवावंच लागतं. रेंज दिसते, नेट नाही, अशी तक्रार असेल तर आधी हे बघा. तरीही नेट नसेल तर कंपनीने दिलेला एपीएन (नेट जोडण्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये लागणारं नाव) हाताने भरा आणि फोन एकदा बंद करून चालू करा.

घरच्या सिमचा डेटा रोमिंगवर वापरला तर तो सहसा मायदेशातून फिरून येतो. म्हणून परदेशात असूनही वेबसाइटला तुम्ही घरीच आहात असं वाटतं. प्रवासी ई-सिमचं नेट तिसऱ्याच देशातून बाहेर पडू शकतं. बँकेचं ॲप अचानक अडवतं त्यामागे हे असू शकतं. वायफायवर येऊन पुन्हा प्रयत्न करा.

नवीन सिम घातल्यावर व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का असं विचारतं. नाही म्हणा, जुना नंबर चालूच राहतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचा मेसेज जातो पण कॉल लागत नाही, तेव्हा घरच्यांना आधीच तसं सांगून ठेवा. आयफोनमध्ये सिम बदललं की आयमेसेज सुरू करण्यासाठी फोन गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो. बॅलन्समधून थोडी रक्कम गेलेली दिसली तर कारण ते असू शकतं.

घरच्या कंपनीकडे वायफाय कॉलिंग असेल आणि ती ते परदेशात चालू देत असेल तर विमान मोड, मग वायफाय, असं करून फोन घरच्या दराने चालवता येतो. ओटीपीही त्यावर येऊ शकतो. मात्र तेव्हा तुमचा फोन मायदेशात बसल्यासारखा वागतो, त्यामुळे समोरच्या टॅक्सीवाल्याला केलेला कॉल आंतरराष्ट्रीय ठरतो.

आणीबाणी, टोल-फ्री आणि हॉटेलचा फोन

११२ संपूर्ण युरोपियन युनियनमध्ये चालतो आणि मोबाइल फोन तो बऱ्याच देशांत आणीबाणीचा नंबर म्हणून ओळखतो. तरी स्थानिक नंबर पाठ असू द्या: अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. जपान आणि चीनमध्ये पोलिसांना ११०. रुग्णवाहिकेसाठी जपानमध्ये ११९, चीनमध्ये १२०. ऑस्ट्रेलियातल्या लँडलाइनवरून ११२ लागत नाही. सिम नसलेल्या फोनवरून ब्रिटनमध्ये आणीबाणीचा कॉल होतो, जर्मनीत २००९ पासून होत नाही. फक्त डेटा देणाऱ्या सिमवरून असा कॉल लागेलच यावर विसंबून राहू नका, जपानमध्ये तर मुळीच नाही.

टोल-फ्री नंबर ज्या देशाचा त्या देशातच फुकट असतो, बाहेरून तो बहुधा लागतही नाही. तीन-चार आकडी कस्टमर केअर नंबरांचंही तेच. कार्ड हरवल्यावर हे कळून उपयोग नाही. बँकेचा आणि फोन कंपनीचा देशाच्या कोडसकटचा साधा नंबर आधी सेव्ह करा, आणि कागदावरही लिहून ठेवा, कारण चोरी झाली तर फोनही गेलेला असू शकतो.

हॉटेलच्या खोलीतल्या फोनवर बाहेरची लाइन घ्यायला आधी ९ किंवा ० दाबावा लागतो, मग आयएसडीचे आकडे. अमेरिकेत ९ नंतर ०११ दाबताना शून्य सुटलं तर थेट ९११ लागतो. असं झालं तर फोन ठेवून देऊ नका. चुकून लागला असं सांगा, नाहीतर ते परत फोन करतात किंवा पोलिस दारात येतात. फेब्रुवारी २०२० नंतर तिथे बसवलेल्या हॉटेल-ऑफिसच्या यंत्रणेत ९ न दाबताही ९११ लागलाच पाहिजे असा कायदा आहे. जुन्या ठिकाणी मात्र खोलीत शिरल्यावर फोनवरची सूचना वाचून घ्या.

तिथला नंबर सोडताना

वापर थांबला की काही काळाने कंपनी तुमचा नंबर दुसऱ्याला देते. त्या नंबरावर तिथली बँक, टॅक्सी किंवा भाड्याच्या घराचं खातं जोडलेलं असेल तर ओटीपी त्या नव्या माणसाकडे जातील. सिम चालू असतानाच प्रत्येक खात्यातला नंबर बदला. नंबर बदलताना बऱ्याच ठिकाणी जुन्या नंबरावरच खात्रीचा कोड येतो, म्हणून हे काम विमानतळावर जाण्याआधी उरकायचं.